काडी लागायच्या आधी: ऊसपट्ट्यात सेंद्रिय वाटेची शेतीशाळा कशी चालवावी

वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांना, काडी लागते ती ऊस तुटल्यावर दोन-चार दिवसांत. ऊसतोडीची टोळी पुढच्या फडात गेलेली असते, खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडायची घाई असते आणि शेजाऱ्यानं आदल्या संध्याकाळीच पेटवून रान मोकळं केलेलं असतं. सेंद्रिय शेतीचं मार्गदर्शन मात्र बहुतेक वेळा जूनमध्ये, मंडपात, चहा-नाश्त्यासह होतं. तोवर एकरी ३ ते ४ टन पाचटाची राख होऊन महिने उलटलेले असतात. म्हणून गावात शेतीशाळेचं, म्हणजे पिकातच उभं राहून शिकण्याचं, काम उभं करायचं असेल तर शिकवण्याचा दिवस पिकाच्या दिवसाला बांधून घ्या. बाकी सगळं त्यानंतरचं.

हे लिहिलंय गटप्रमुख, कृषी सहायक, कृषिमित्र आणि गावात असं काही सुरू करू पाहणाऱ्या तरुणांसाठी. पीक धरलंय उसाचा खोडवा, कारण कृष्णा-वारणाकाठी तो घरोघरी आहे आणि पाचट ठेवायला विकत काहीच आणावं लागत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडे गणित वेगळं. तिथं पाचटच नाही, आधी बांध-बंदिस्ती आणि पाणी अडवणं येतं.

गट कुणाचा करायचा

१५ ते २० जण पुरे. २५ च्या वर गेलात की मागचे आठ-दहा जण बांधावर मोबाईल बघत उभे राहतात. भावकी किंवा पार्टी बघून गट बांधू नका. लगतचे गट नंबर, एकच पाणी पाळी आणि शक्यतो एकाच आठवड्यातला तोडीचा कार्यक्रम बघा. कारण साधं आहे: मधल्या एकानं पेटवलं की वाऱ्यानं दोन्हीकडचं पाचट जातं. लगतचं रान एकत्र आलं तर जाळ रोखायला कडेनं ८-१० फुटांचा पट्टा मोकळा ठेवणंही जमतं. एकट्यादुकट्याला ते परवडत नाही.

खुरपणीला जाणाऱ्या बायका गटात हव्यातच. पाचटाखाली तण किती कमी आलं, कुठं हरळी वर निघाली, हे मालकापेक्षा त्यांना आधी कळतं. शिवाय ‘पाचटात साप-विंचू निघतात’ ही भीती खुरपणाऱ्याची आहे, मालकाची नव्हे. ती बोलून दाखवायला जागा दिली नाही तर मजूर न येण्याच्या रूपात ती पुढं येते. गमबूट आणि हातात काठी, एवढ्यावर बरीच अडचण सुटते.

प्रत्येकानं सुरुवातीला फक्त १० गुंठे द्यायचे. सगळं रान एकदम सेंद्रिय करायला निघालेला माणूस पहिल्या हंगामात उतारा पडला की गावभर उलटा प्रचार करतो, आणि त्यात त्याची चूक नसते. तुलनेला जाळलेला फड मुद्दाम करायची गरज नाही. तो बांधाला लागून मिळतोच.

ऊस तुटायच्या आधी मापं घेऊन ठेवा

नुसतं ‘जमीन सुधारते’ म्हणून कुणी ऐकत नाही. आज काय आहे ते लिहून ठेवलं तर वर्षानं बोलता येतं. तीन-चार मापं शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं घ्यायची.

गांडुळं: ओलसर जागी १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल खड्डा काढून माती गोणपाटावर पसरा आणि मोजा. एका रानात तीन ठिकाणी. ऊन चढल्यावर मोजाल तर कमी सापडतील, म्हणून सकाळी. दोन्ही रानांत ओल सारखी असली पाहिजे. एकाला काल पाणी दिलेलं आणि दुसरं पंधरा दिवस कोरडं, असं मोजून काही सिद्ध होत नाही.

पाणी मुरणं: ६ इंच व्यासाच्या पाइपचा वीतभर तुकडा निम्मा जमिनीत ठोका, आत ४५० मिली पाणी ओता. साधारण १ इंच पाणी होतं. ते दिसेनासं व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. पहिली खेप कोरड्या मातीची असते, ती फसवी. दुसऱ्यांदा तेवढंच ओतून वेळ धरा तो खरा.

ढेकूळ: सुकलेलं सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. विरघळून पाणी गढूळ झालं आणि तासाभरानंही निवळलं नाही, तर जमीन चोपणाकडे, म्हणजे सोडियम वाढून घट्ट होण्याकडे, झुकल्याचा संशय घ्या आणि प्रयोगशाळेत सोडियम बघून घ्या.

माती परीक्षणाचा नमुना ऊस तुटल्यावर, खत-पाणी पडायच्या आधी घ्यायचा. रानात नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. उकिरड्याची जागा, बांध, झाडाखाल, पाटाची कड आणि मागच्या हंगामात खताची पहार मारलेली जागा टाळा. खताच्या रिकाम्या पोत्यात भरलेला नमुना फेकून दिलेला बरा. कापडी पिशवी वापरा.

अहवाल आला की तीन आकड्यांकडे बघायचं. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल किंवा क्षारता १ डेसिसायमनच्या वर गेली असेल, तर त्या रानाची गोष्ट निराळी. मिरज, पलूस, वाळव्यात नदीकाठी पाणी साचून क्षारपड झालेली रानं खूप आहेत. तिथं पाचटानं वरची खपली कमी होते, बाष्प कमी उडतं, पण खालचं पाणी बाहेर काढल्याशिवाय जमीन सुटत नाही. आधी चर. जिप्सम चोपण जमिनीला लागतं, तेही परीक्षणात सांगितलेल्या मापानं आणि निचरा झाल्यावरच. नुसत्या खारवट जमिनीला ते टाकणं म्हणजे पैसे मातीत. खोडवा मोडल्यावर अशा रानात एकरी १६ ते २० किलो धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांत, फुलावर येतानाच गाडा. पुढची लागण करायची झाली तर फुले २६५ हा उसाचा वाण अशा जमिनीत इतरांपेक्षा तग धरतो.

तोडीचा आठवडा

या आठवड्यात गटानं जागेवर हजर राहायचं. मुकादमाशी आधी बोलून ठेवा: ऊस जमिनीलगत तोडायचा, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधून न्यायचं ते न्या, पण पाचट ढीग करून सोडू नका. टोळीला घाई असते, तिच्याकडून सगळं होणार नाही. जे राहील ते गटानं इर्जिकीनं, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबून, करायचं.

दुसऱ्या दिवशी बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घ्या. कोंब यायची जागा उघडी राहिली पाहिजे. ‘पाचट ठेवलं की खोडवा फुटत नाही’ ही तक्रार ज्या रानातून येते तिथं जाऊन बघा. दहापैकी आठ ठिकाणी पाचट ओळीवरच पडून राहिलेलं असतं. कोंबाला उजेड-ऊब मिळत नाही, तो पिवळा होऊन आतच कुजतो.

मग बुडखे छाटणी. धारदार कोयत्यानं, जमिनीलगत, एका घावात. बुडखा चार बोटं वर राहिला तर वरच्या डोळ्यातून फुटवा येतो, त्याला स्वतःच्या मुळ्या धरत नाहीत आणि पुढं वाऱ्यानं ऊस मुळासकट कलतो. बोथट कोयत्यानं बुडखा चिरतो आणि रोग शिरतो. छाटणी तोडीनंतर आठवड्याच्या आत झाली पाहिजे. कोंब वर आल्यावर छाटणं म्हणजे आलेलं पीक तोडणं. छाटल्यावर बुरशीनाशकाची फवारणी करायची शिफारस रासायनिक पद्धतीत आहे. सेंद्रिय प्लॉटमध्ये ती चालत नाही, तिथं ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीचं पाणी बुडख्यावर सोडा. आणि मिश्र पद्धतीत कुणी बुरशीनाशक मारलंच, तर ते पाचटावर पडू देऊ नका. ज्या बुरशीनं पाचट कुजायचं तिलाच ते मारतं.

साडेचार-पाच फुटी सरी असेल तर प्रत्येक सरीत पाचट बसतं. तीन फुटी सरीत मात्र सगळीकडे भरलं की पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं आणि वरच्या टोकाला दलदल होते. तिथं एकाआड एक सरीत पाचट दाबा आणि मोकळ्या सरीनं पाणी द्या. भारी काळ्या, निचरा कमी असलेल्या रानातही हेच. ट्रॅक्टरवरचं पाचट कुट्टी यंत्र भाड्यानं मिळत असेल तर गटानं एकदम सांगावं, फेऱ्याचा खर्च वाटला जातो. कुट्टी केलेलं पाचट लवकर बसतं आणि लवकर कुजतं, पण यंत्र बुडख्यांवरून खाली घासत नेलं तर डोळे निघून जातात. उंची आधी एका सरीत तपासून घ्या.

पहिलं पाणी हलकं द्या. जोरात सोडलं की पाचट तरंगत जाऊन सरीच्या तोंडाशी बांध घालतं. वाफसा येता येता एकदा पायानं तुडवून दाबलं की दुसऱ्या पाण्यापासून त्रास राहत नाही. ठिबक असेल तर नळी ओळीत आणि पाचट मधल्या पट्ट्यात. उंदरानं नळी कुरतडली का, हे दर आठवड्याला प्रेशर बघून ओळखा.

एक मर्यादा आधीच सांगून टाका: १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नये. उन्हात फुटवे मरतात, आणि दोष पाचटावर जातो.

कुजायला काय लागतं, आणि जीवामृतानं काय होत नाही

पाचटात नत्र अर्धा टक्का आणि कर्ब ३२ ते ४० टक्के, म्हणजे नत्राच्या एका भागाला कर्बाचे ६५ ते ८० भाग. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागतं. ते पाचटात नाही, मग ते जमिनीतून ओढतात. त्या महिना-दीड महिन्यात उसाला उपास घडतो. खोडवा पिवळा पडतो तो यामुळं.

फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राची यावरची शिफारस हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी आहे. एकरी ३२, ४० आणि ४ किलो. संवर्धक आणि खतं एकत्र कालवू नका. आधी खत विस्कटा, मग संवर्धक शेणखतात मिसळून पाचटावर, मग पाणी. उरलेला खताचा हप्ता पहारीनं: पहिला तोडीनंतर १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांच्या सुमारास ओळीच्या दुसऱ्या बाजूनं. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तेवढ्याच खोलीवर, फुटाफुटावर भोक. पाचट हलवावं लागत नाही, आणि खत वरून फेकल्यासारखं उडूनही जात नाही.

इथं गटात वाद होणार, तो होऊ द्या. युरिया टाकला की तो प्लॉट सेंद्रिय राहत नाही. पण पहिल्या वर्षी प्रत्येकाला एकदम सगळं सोडायला लावणं शहाणपणाचं नाही. दोन वाटा ठेवा. ज्याच्याकडे दोन-तीन जनावरं आणि शेणखत आहे त्यानं १० गुंठे पूर्ण सेंद्रिय करावेत. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्यानं या वर्षी पाचट राखावं, बगला (सरीच्या कडा) नांगरानं फोडू नयेत, आणि खत पहारीनं, मोजून द्यावं. तोही जमीन राखतोच आहे. त्याला ‘रासायनिकवाला’ म्हणून बाजूला बसवलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

आता सेंद्रिय वाटेचा हिशोब. एकरी ३२ किलो युरियात नत्र सुमारे १५ किलो. तेवढं शेणखतातून आणायचं तर ०.५ टक्के नत्र धरून ३ टन लागतं. निंबोळी पेंडीतून आणायचं तर ५ टक्के धरून ३०० किलो, म्हणजे पाकीट मोकळं. गोबरगॅसची स्लरी ज्याच्याकडे आहे तो सगळ्यांत सुखी: पाण्याबरोबर पाचटावर सोडावी. उरलेल्यांनी शेणखत आणि पेंड मिळून भागवावं, आणि मोकळ्या सरीत चवळी किंवा ताग टोकून तो ४५ दिवसांत तिथंच आडवा करावा.

जीवामृताचं माप ठरलेलं आहे. २०० लिटर पाण्यात देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो आणि बांधावरची, औषध न पडलेली मूठभर माती. एका एकराला एवढं. सावलीत, गोणपाटानं झाकून ४८ तास, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि आठवड्यात वापरून टाकायचं. बेसन आधी वेगळ्या बादलीत कालवा, नाहीतर गुठळ्या तळाला सडतात. गूळ पिवळाधमक, चकचकीत नको, काळपट जुना चालतो. त्याऐवजी ४ लिटर उसाचा रसही चालतो. नळाचं क्लोरिनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. आंबूस वास आला तर ठीक, नासक्या अंड्यासारखा आला तर ढवळणं चुकलंय किंवा झाकण गच्च बसलंय. ठिबकमधून द्यायचं तर दोनदा कापडानं गाळा.

पण एक आकडा फळ्यावर लिहून दाखवा. या सगळ्या टाकीत शेण, मूत्र, बेसन धरून नत्र पाव किलोच्या आसपास भरतं. एक टन ऊस जमिनीतून साधारण एक किलो नत्र उचलतो. एकरी ४० टनांचा खोडवा हवा असेल तर मोजमाप कळून येईल. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. दूध म्हणजे पाचट, शेणखत, हिरवळीचं खत आणि द्विदल आंतरपीक. हे न सांगता नुसते ड्रम वाटले गेले म्हणून कितीतरी जण तीन पाण्यांत कंटाळले.

पिवळं पडलं तर

महिन्याभरात कुणीतरी फोन करणार: खोडवा पिवळा पडला. लगेच उपाय सांगू नका, पान बघा. खालची जुनी पानं आधी आणि सगळीकडून फिकी पडली असतील तर नत्र कमी. स्लरी किंवा पेंड द्या, धीर धरा, पाचट बसलं की हिरवा होतो. वरची नवी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात आणि पाणी जास्त झालेल्या जागी हमखास दिसतो. त्याला एकरी १० किलो फेरस सल्फेट शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून ओळीला द्यायचं. तसंच फेकलं तर चुनखडी ते लगेच बांधून टाकते. सेंद्रिय प्लॉटमध्ये हे द्यायचं झालं तर माती परीक्षणाचा कागद नोंदवहीत लावून ठेवा, पुढं विचारलं जातं. आणि गठ्ठ्यानं गवतासारखे बारीक पांढुरके फुटवे आले असतील तर ती गवताळ वाढ, रोग आहे. बेट मुळासकट उपटून रानाबाहेर न्यायचं, दुसरा उपाय नाही.

नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, दीड-दोन फुटांपेक्षा मोठ्या असतील तर एक डोळ्याची ट्रेमधली, २५ ते ३० दिवसांची रोपं लावून भरा. म्हणजे ट्रे तोडीच्या आधी भरलेले हवेत, आणि हे काम गटातल्या एकानं अंगावर घेतलं तर सगळ्यांना रोपं वेळेवर मिळतात. उशिरा लावलेलं रोप शेजारच्या बेटाच्या सावलीत दबून जातं. बेणं वापरणार असाल तर १०० लिटर पाण्यात ॲसिटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) १० किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो घालून अर्धा तास बुडवा. हे हेक्टरचं माप आहे, १० गुंठ्यांना दहावा भाग घ्या.

बैठक कशी घ्यावी

शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्तानं उभी राहिली. तिचं मर्म एवढंच की शिक्षक पीक असतं. आपल्याकडे मात्र ती पुष्कळदा फ्लेक्सपुढच्या फोटोपुरती उरते.

हंगामात आठ बैठका पुरतात, पण तारखा कामाला बांधा: तोडीआधी, छाटणीच्या दिवशी, पहिल्या पाण्याला, ३० व्या दिवशी पिवळेपणा बघायला, ६० व्या दिवशी फुटवे मोजायला, मे-जूनच्या पहिल्या वळवाला, १३५ व्या दिवशी आणि पुढच्या तोडीआधी उताऱ्याचा अंदाज घ्यायला. वेळ सकाळी सात ते नऊ. धारा झाल्यावर आणि ऊन चढायच्या आत. जागा रानात. पाच-पाच जणांच्या टोळ्या करा, अर्धा तास रानात फिरू द्या, मग ड्रॉइंग पेपरवर एक बेट काढायला लावा: किती फुटवे, कुठल्या पानावर काय, मातीत ओल किती, मित्रकीटक कोणते. ज्याला लिहायला संकोच वाटतो तोही चित्र काढतो. प्रत्येक टोळीनं शेवटी एकच निर्णय सांगायचा: या पंधरवड्यात काय करायचं आणि का. तज्ज्ञानं तोवर गप्प बसायचं. हे तज्ज्ञाला फार जड जातं.

फुटवे मोजायची युक्ती मुलांनाही जमते. साडेचार फुटी सरी असेल तर ओळीत १० फूट मोजून त्यातले ऊस मोजा आणि ९६८ ने गुणा, एकरी संख्या येते. चार फुटी सरीला १०८९ ने. रानात पाच ठिकाणची सरासरी घ्या. गाळपायोग्य ऊस एकरी ४० हजारांच्या आसपास, म्हणजे साडेचार फुटीत १० फुटांत ४१. चांगल्या दिसणाऱ्या ओळीतच टेप लावायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून जागा आधी पावलं मोजून ठरवा.

बाहेरून बोलवायचं तर साताऱ्याकडच्यांना बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आणि पाडेगाव जवळ. सांगलीकडे कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, हळदीसाठी कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र. हंगामात दोनदा बोलवा, आणि भाषणाला नव्हे. प्रश्न आधी लिहून पाठवा, रोगट पान आणि माती अहवाल हातात ठेवा.

कीड: घाई करू नका

‘पाचटानं हुमणी वाढते’ असं बोललं जातं. हुमणी म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. भुंगेरे अंडी घालायला येतात ते वळवाच्या पावसानंतर, आणि अर्धकच्चं शेणखत ज्या रानात पडलंय तिथं अळीला जास्त मानवतं. खत पूर्ण कुजलेलं हवं. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी सात ते नऊ बाभूळ-कडुनिंबावर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून, गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हे एकट्यानं करून उपयोग नाही, पूर्ण शिवारानं सलग आठ-दहा दिवस करायचं. गट लगतच्या रानांचा का हवा, त्याचं हे दुसरं कारण. जमिनीत मेटारायझियम, ही अळीला मारणारी बुरशी, एकरी ८ किलो शेणखतात मिसळून, ओल असताना.

खोडकिडीला ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नासवणाऱ्या बारीक मित्रकीटकाची पट्टी) एकरी दोन, १० ते १५ दिवसांच्या अंतरानं चार-पाच वेळा, पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं. कार्ड आणलेल्या दिवशीच लावा. गाडीच्या डिकीत उन्हात दोन तास राहिलेलं कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. त्यानंतर त्या रानात कीटकनाशक नको.

फवारणी थांबवायला कुणी तयार नसेल तर २००२ सालचा लोकरी मावा आठवून द्या. पन्नाशीच्या माणसाला तो विसरणं शक्य नाही. जुलैत सांगलीत दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. उंच उसात फवारणार कोण आणि कसं? शेवटी त्याला आवर घातला तो मुख्यतः मावा खाणाऱ्या मित्रकीटकांनी, डिफाच्या अळ्यांनी आणि मायक्रोमसनं. या अळ्या बैठकीत भिंगाखाली दाखवा. बरेच जण त्यांनाच कीड समजून मारतात.

कागद, पैसा आणि बाजार

सहभाग हमी पद्धतीत, म्हणजे पीजीएसमध्ये, एका गावचे किंवा जवळच्या गावांचे किमान ५ शेतकरी गट करून एकमेकांची तपासणी करतात. हंगामी पिकाला रूपांतराचा, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रिय ठरेपर्यंतचा, काळ २४ महिने, द्राक्ष-डाळिंबासारख्या बागेला ३६. निर्यात करायची असेल तर त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, तो वेगळा आणि महागडा रस्ता. २०१५-१६ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत सुधारित निकषांप्रमाणं ३ वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेत, त्यांतले १५,००० निविष्ठांसाठी थेट खात्यावर. एकरी वर्षाला २,००० होतात. एवढ्यावर शेती उभी राहत नाही. ड्रम, पंप, गूळ-बेसनाचे पैसे सुटतात. चौकशी तालुका कृषी अधिकारी किंवा ‘आत्मा’ या जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान यंत्रणेच्या कार्यालयात करा, पण गट आधी बांधा. अनुदानासाठी बांधलेला गट पैसे जमा झाले की विसर्जित होतो.

तपासणीत प्लॉट कुठं नापास होतो ते आधीच बघून घ्या. पहिलं, फवारणी पंप. शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपात तणनाशक होतं, नुसतं पाण्यानं विसळलं आणि जीवामृत भरलं, अशा गोष्टी घडतात. गटाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगानं खूण. दुसरं, वरच्या रानातून वाहून येणारं पाणी. बांधालगत चर काढा. तिसरं, शेजारची २,४-डी या तणनाशकाची फवारणी वाऱ्यानं येते. द्राक्षाला आणि भाजीला तर ती लगेच दिसते. कडेला शेवरी किंवा नेपियर गवताच्या दाट दोन ओळी लावा आणि शेजाऱ्याला फवारणीचा दिवस विचारून घ्या. चौथं, नोंदवही. तारीख, काम, काय वापरलं, किती, कुठून आणलं, मोटर किती तास चालली, खुरपणीला किती बायका लागल्या. एका ओळीचं काम आहे, पण त्याच दिवशी लिहिलेलं हवं. आदल्या रात्री एकाच पेनानं लिहिलेली सहा महिन्यांची वही तपासणाऱ्याला लांबूनच ओळखू येते.

आणि बाजाराबद्दल खरं ते सांगा. कारखान्याच्या काट्यावर सेंद्रिय ऊस आणि दुसरा ऊस एकाच भावानं जातो. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते, पाचट राखलं म्हणून टनाला जास्त मिळत नाही. तेव्हा कारखान्याला जाणाऱ्या उसासाठी प्रमाणपत्राची धावाधाव करू नका. तिथला फायदा म्हणजे वाचलेलं पाणी, वाचलेली खुरपणी आणि खताचा कमी झालेला हप्ता, जो नोंदवहीतच दिसतो. प्रमाणपत्र घ्यायचं ते हळद, सोयाबीन, भाजी यांसाठी, किंवा ऊस गुऱ्हाळाला जाणार असेल तर. गुऱ्हाळवाल्याशी हंगामाआधी ठरवा: पहिलं आधण गटाच्या उसाचं, काहील आणि साचे धुऊन, मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस, गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात ती हायड्रॉस पावडर अजिबात नाही. गूळ मग तांबूस-काळपटच निघतो. गिऱ्हाइकाला नमुन्याची ढेप आधी दाखवा, भाव नंतर बोला.